बेननने विचारलं तेव्हा

साउथ क्रॉयडन
रविवार, २५ फेब्रुवारी २००७

चि. यतीन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

युगांडाहून परत येऊन आठवडा झाला, पण माझे पाय अजून त्या जंगलातच आहेत. काल ट्रामच्या स्टॉपवर उभी होते, तर समोरच्या हेजमध्ये काहीतरी हललं. मी चक्क गुडघे वाकवून, मान खाली घालून बसले, आपल्या गाइडने, बेननने शिकवलं होतं तशी. हेजमधून निघालं मांजर. शेजारची गोरी बाई काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, ते एक बरंच झालं.

तू फोन करतोस, पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी माझ्या सोयीने लावून घेते. तेव्हा पत्रच लिहीत जा, मराठीत, हाताने. टाइप केलेलं पत्र आलं की मला कौन्सिलचीच आठवण होते.

अरे, पण काय दिवस दाखवलास रे मला! चार वर्षांपूर्वी त्या संस्थेकडून गोरिलांचं एक कुटुंब दत्तक घेतलं, तेव्हा सर्टिफिकेट आणि एक कापडी गोरिला घरी आला होता. मंडळातल्या बायका हसल्या होत्या, सुप्रभाताईंना आता म्हातारपणी हे सुचलं म्हणून. हसू देत. त्यांच्यापैकी कुणी अडुसष्टाव्या वर्षी साडेचार तास डोंगर चढलंय? खरं सांगायचं तर मीही चढले नाही, माझी पिशवी घेणाऱ्या त्या दणकट पोरीने कमरेला मागून हात लावून मला ढकलत वर नेलं. ती खाजरी पानं लागून आलेले फोड अजून पोटरीवर आहेत. मी ते सगळ्यांना दाखवते.

फोटो धुऊन आले. पाठीवर चंदेरी केस असलेला तो बाप, त्याला मी अण्णा नाव ठेवलंय. आपल्या मंडळात कार्यक्रम संपला तरी पहिल्या रांगेतली खुर्ची न सोडणारे एक गृहस्थ आहेत, डिट्टो तसे बसले होते अण्णा, पोटावर हात ठेवून. आजूबाजूला दोघी-तिघी बायका, पोरं अंगावर उड्या मारतायत, एक तर त्यांच्या डोक्यावरून घसरगुंडी करत होतं, पण त्यांचं जेवण थांबलं नाही. आणि ती एकटी पोर बघितलीस ना, अण्णांना चिकटून बसलेली? बेनन म्हणाला, तिची आई दुसऱ्या कुटुंबात निघून गेली. त्यांच्यातल्या बायका जातात म्हणे अशा, अंगावर पिणारं मूल नसलं की. कुणी नावं ठेवत नाही. पोर बापाकडे राहते आणि त्याच्याच घरट्यात झोपते. मला ते फार आवडलं.

पण माझा जीव गुंतला तो धाकटीत. अडतीस वर्षं मी बाळंतपणं केली, पहिलटकरीण मला लांबून ओळखू येते. ती बाळाला धरते ते जरा जास्तच घट्ट. तीन महिन्यांचं होतं ते, डोळे उघडून माझ्याकडे बघत होतं आणि मूठ तोंडात कोंबत होतं. कोणत्याही वॉर्डात शोभलं असतं.

आपल्या देवयानीची बाळंतपणाची तारीख २० मे आहे. मी दोन आठवडे आधीच मेडनहेडला जाऊन राहणार. परीक्षितला आत्ताच बजावलंय की शिंकणारा माणूस बाळाच्या खोलीत येता कामा नये, मग तो बाप असो नाहीतर पंतप्रधान. एकदा मी मोठ्या डॉक्टरांना वॉर्डाच्या दारातून परत पाठवलं होतं, नाक गळत होतं म्हणून.

डोंगर उतरताना तू फार गप्प होतास. मीही काही विचारलं नाही. निवेदिताला आशीर्वाद. लोभ आहेच, पत्राला उशीर केलास तर मात्र थोडा कमी करीन.

तुझी,
सुप्रभाआत्या


मिल्टन कीन्स
६ मार्च २००७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि फोटो मिळाले. फोटो छान आलेत. ऑफिसात नवीन सिस्टिम लाइव्ह होतेय, त्यामुळे श्वास घ्यायला फुरसत नाही. इंडेफिनिट लीव्हचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज आणि दोघांचे पासपोर्ट गेल्या गुरुवारी तुझ्याच गावाला, होम ऑफिसला पाठवले. आता ते कधी परत येतात देव जाणे. तोवर आम्ही इथेच अडकलो.

बाकी ठीक. थकलो होतो म्हणून उतरताना गप्प होतो, दुसरं काही नाही. निवेदिताचा नमस्कार. लोभ कमी करू नकोस, उशीर झाला तरी.

तुझा,
यतीन


साउथ क्रॉयडन
शुक्रवार, ३० मार्च २००७

चि. यतीन यास,
अ. उ. आ.

आज अक्षर सांभाळून घे.

संस्थेचं पत्र आलं. ज्यांनी ते कुटुंब दत्तक घेतलंय त्या सगळ्यांना पाठवलंय. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या कुटुंबात खोकला सुरू झाला. आधी थोरली, मग ती अण्णांना चिकटलेली पोर, मग धाकटी आणि तिचं बाळ. रोज माग काढणाऱ्या लोकांना लांबूनच खोकण्याचा आवाज यायचा, असं लिहिलंय. तिथल्या डॉक्टरबाईंनी लांबून औषधाच्या सुया मारल्या. मोठी सगळी सावरली. बाळ सात मार्चला गेलं.

धाकटीने ते सोडलं नाही रे. सहा दिवस घेऊन हिंडत होती. चालताना एका हाताने छातीशी धरायची, खायला बसली की मांडीवर ठेवायची, त्याचे केस साफ करायची. सातव्या दिवशी एका झाडाखाली ठेवलं आणि तिथेच बसून राहिली. बाकीचे पुढे निघाले, मग अण्णा मागे वळून आले आणि ती उठेपर्यंत तिच्याजवळ बसले.

मी अशा बायका पाहिल्यात. आम्ही त्यांच्या हातातून बाळ काढून घ्यायचो, हळूच, गोड बोलून, आणि म्हणायचो की हे तुमच्या भल्यासाठी. आता वाटतं, सहा दिवस द्यायला काय हरकत होती?

आजार माणसाकडून आला असावा, असं डॉक्टरबाई म्हणतात. आपल्याला साधं पडसं होतं ते त्यांना झेपत नाही. कुणाकडून आला ते सांगता येणार नाही, गावकरी, माग काढणारे, प्रवासी, कुणीही असेल. पण जे आजारी असून न सांगता वर गेले असतील त्यांनी कळवावं, म्हणजे पुढे काळजी घेता येईल, अशी विनंती केलीय. पत्ता दिला आहे.

तो मी वहीत उतरवून ठेवलाय. तुला हवा असला तर कळव.

दोन दिवस जेवण जात नाही. कापडी गोरिला कपाटात ठेवून दिला, बघवत नाही. तू पत्र लिही. छोटं लिहिलंस तरी चालेल, पण नीट लिही.

तुझी,
आत्या


मिल्टन कीन्स
मंगळवार, ३ एप्रिल २००७

चि. देवयानी हिस,
अ. आ.

हसू नकोस. धाकट्या बहिणीला आशीर्वाद लिहायचे असतात, हे आत्यानेच शिकवलंय. फोन केला असता, पण घरात निवेदिता आहे, ऑफिस ओपन प्लॅन आहे, आणि तू फोनवर मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस. लंच अवरमध्ये कार पार्कमध्ये बसून लिहितोय. वाचून झालं की फाडून टाक.

आत्याच्या गोरिलांचं बाळ गेलं हे तुला कळलं असेल. देवू, मला वाटतं ते माझ्यामुळे गेलं.

मला सर्दी होती. विमानातच घसा धरला होता. ट्रेकच्या आदल्या दिवशी लॉजवर पोचलो तेव्हा नाक बंद होतं, अंग दुखत होतं. गोळ्या घेतल्या, सकाळी परत दोन घेतल्या. ताप नव्हता. मी स्वतःला सांगितलं, ताप नाही म्हणजे आजारी नाही. आपल्या घरात तसंच असतं ना, ताप आला तरच शाळेला दांडी, नाहीतर गोळी घे आणि चालू लाग.

सकाळी पार्कच्या ऑफिसपाशी आम्हा आठ जणांना बसवून बेननने, म्हणजे आमच्या गाइडने, नियम सांगितले. सात मीटर अंतर ठेवायचं, फक्त एक तास थांबायचं. मग त्याने विचारलं की कुणाला सर्दी, खोकला, ताप, पोट बिघडलंय असं काही आहे का. असेल तर आत्ता सांगा, तुम्ही खाली थांबा, पैसे परत मिळतील. म्हणजे पैशाचं कारणही माझ्याकडे उरत नाही. तो प्रत्येकापाशी जाऊन वेगळं विचारत होता. आमच्याकडे आला तेव्हा आत्याच म्हणाली की आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. मी नुसती मान हलवली.

मी सांगितलं असतं तर मला खाली थांबावं लागलं असतं, आणि मी थांबलो तर ती एकटी गेली नसती. गेली असती तरी मी कसा पाठवणार? तिला ऐकू येत नाही. तो मागे व्हा म्हणाला आणि तिला कळलंच नाही तर? नंतरची तारीखही नव्हती, कारण परत आल्याबरोबर पासपोर्ट होम ऑफिसला द्यायचे होते. ती त्या दिवसाची चार वर्षं वाट बघत होती.

वर गेल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं ठीक गेली. मग ती लहान आई बाळाला घेऊन सरळ आमच्या दिशेने आली. बेनन हाताने मागे व्हा म्हणत होता, पण माझ्या पाठीशी दरड होती. दोन मीटरवर आली असेल. नेमकी तेव्हाच मला खोकल्याची उबळ आली. मी बाहीत तोंड खुपसलं, तीनदा, चारदा. आत्या पुढे होती, पाठमोरी. बेननने माझ्याकडे पाहिलं. त्याने मला झाडामागे जायची खूण केली आणि उरलेला वेळ मी तिथे तोंडावर रुमाल धरून उभा होतो.

आता संस्थेने कळवायला सांगितलंय. मी लिहिलं तर बेननची नोकरी जाईल, कारण त्याने मला खाली पाठवलं नाही. शिवाय माझा अर्ज होम ऑफिसात पडलाय, त्यात वर्तणूक चांगली आहे अशी सही केलीय मी. दुसऱ्या देशात खोटं बोललो असं लेखी दिलं आणि ते इथे कळलं तर? पाच वर्षं वाया. निवेदिताला अजून काहीच सांगितलेलं नाही. ऑफिसात कुणी खोकलं तरी मी दचकतो. परवा मीटिंग अर्धवट टाकून बाहेर आलो आणि रेडवेच्या पायवाटेवरून उगाचच तासभर चालत राहिलो.

काय करू ते सांग. ओरडायचं असेल तर ओरड, पण बाळाला त्रास होईल इतकं नको.

तुझा,
दादा


मेडनहेड
शनिवार, ७ एप्रिल २००७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. फाडणारही नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका राग आला की परीक्षितला वाटलं कळा सुरू झाल्या. माझ्या पोटात आठ महिन्यांचं मूल आहे आणि तू मला सांगतोस की ताप नव्हता! अरे, एवढा शिकलेला तू, सिस्टिममध्ये एक एरर राहिली तर दोन दिवस घरी जात नाहीस, आणि एका माणसाने समोर उभं राहून सरळ प्रश्न विचारला तर तुला हो म्हणता आलं नाही?

बेननचं म्हणशील तर त्याने विचारलं, तू खोटं बोललास, असंच लिही की. खरं लिहिलंस तर तो सुटेल, आणि कुणीतरी दुसऱ्याने अर्धवट लिहिलं तर अडकेल. होम ऑफिसचं म्हणशील तर परीक्षितला विचारलं, तुझं नाव न घेता. तो हसला. क्रॉयडनच्या त्या बिल्डिंगमध्ये लोकांचे पासपोर्ट सापडत नाहीत, तुझा खोकला कोण शोधत बसणार, म्हणाला. एवढीच भीती असेल तर वकिलाला विचार. पण खरी भीती ती नाहीये, दादा. तू दोन कारणं लिहिलीस, आणि तिसरं लिहिलंच नाहीस, तेच खरं आहे. आत्याला कळलं तर ती तुझ्याशी पुन्हा पूर्वीसारखी बोलणार नाही, ही भीती आहे तुला.

मलाही वाटते ती. तिने डॉक्टरला दारातून परत पाठवलं ते मी शंभर वेळा ऐकलंय. पण ती रोज मला लिहितेय, बाळ गेलं, बाळ गेलं, आणि मी सगळं माहीत असून तिला उत्तर लिहितेय. हे माझ्याच्याने होणार नाही. ती महिन्याभरात इथे येईल, माझ्या शेजारी बसेल, आणि मी तिच्या तोंडाकडे बघून काय बोलू?

दोन आठवडे देते. तू लिही, नाहीतर मी लिहीन. आणि निवेदितावहिनीला आजच सांग. नवऱ्याचं असलं काही नणंदेकडून कळलं तर मी तुला वाचवू शकणार नाही.

राग आहे म्हणून माया नाही असं समजू नकोस.

तुझी,
देवयानी


मिल्टन कीन्स
गुरुवार, १९ एप्रिल २००७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सहा पत्रं लिहून फाडली. हे सातवं. नीट लिही म्हणालीस, म्हणून नीट लिहितो.

आत्या, ट्रेकच्या दिवशी मला सर्दी होती. आदल्या दिवसापासून होती. बेननने विचारलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. वर गेल्यावर, धाकटी बाळाला घेऊन जवळ आली तेव्हा, मी खोकलो. तुझी पाठ होती आणि तुला ऐकू येत नाही, या भरवशावर मी तो सगळा दिवस काढला. नंतरचे दोन महिनेही त्याच भरवशावर काढले. सर्वात जास्त लाज मला त्याची वाटते.

तुझ्यासाठी केलं असं देवयानीला लिहिलं होतं. ते अर्धंच खरं आहे. मला तुझ्या तोंडावरचा आनंद बघायचा होता, तो मीच दाखवला असं मला म्हणायचं होतं. इंग्लंडात उतरलो तेव्हा सात महिने तू मला तुझ्या घरात ठेवून घेतलंस, त्याची फेड करायची होती. सर्दीमुळे ते हुकलं असतं तर माझा मोठेपणा हुकला असता.

संस्थेला आणि तिथल्या पार्कला आज पत्र पाठवलं, नाव-पत्त्यासकट. बेननने विचारलं होतं आणि मी खोटं बोललो, असं स्पष्ट लिहिलंय. प्रत सोबत आहे. निवेदिताला सांगितलं. दोन दिवसांनी तिनेच टपालाची तिकिटं आणून दिली.

तू म्हणशील ते ऐकेन. भेटायला येऊ नको म्हणालीस तर येणार नाही. आशीर्वाद मागायचा धीर होत नाही, तरी शेवटी नमस्कार लिहितो, कारण तो करायची सवय आहे.

तुझा,
यतीन


साउथ क्रॉयडन
मंगळवार, २४ एप्रिल २००७

चि. यतीन यास,
अनेक आशीर्वाद. मागितले नाहीस तरी मिळतील.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते लगेच उघडलं नाही. चहा केला, तो प्यायले, खिडकीतली झाडं पुसली. पाकिटावरचं अक्षर बघूनच कळलं होतं की यात ते आहे, आणि ते आलं की मला माझं लिहावं लागणार.

यतीन, मला माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी तू समोर बसून नाश्ता करत होतास. मला तुझा आवाज नीट ऐकू येत नाही, पण तू तोंडाने श्वास घेत होतास ते मला दिसत होतं. डोळे पाणावलेले, नाकाच्या कडा लाल, अंडं पुढ्यात येऊन गार झालं तरी हात लावला नव्हतास. अडतीस वर्षं मी दारात उभं राहून लोकांची तोंडं बघितलीत. कोण आत जाईल आणि कोण बाहेर राहील हे ठरवायला मला दोन सेकंद लागायचे. तुझ्यासाठी एकच लागला.

बेनन माझ्यापाशी आला तेव्हा वाकून माझ्या बऱ्या कानाशी बोलला. अक्षर न् अक्षर ऐकू आलं मला. तरीही मी कानामागे हात धरला आणि त्याला परत विचारायला लावलं. म्हटलं, तेवढ्या वेळात हा बोलेल. हा बोलला की मीही थांबेन, दोघं खाली बसून चहा पिऊ. तू बोलला नाहीस. मग मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं की आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझी मान नंतर हलली, रे. आधी मी बोलले.

का बोलले ते सांगते. मला वर जायचं होतं. बस. जन्मभर दुसऱ्यांच्या बाळांसाठी दुसऱ्यांना थांबवलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मला थांबायचं नव्हतं. वरती तू झाडाआड गेलास तेही मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मी वळून बघितलं नाही, कारण वळले असते तर मला निघावं लागलं असतं, आणि तासातला अर्धा वेळ अजून बाकी होता. तो मी पुरेपूर वापरला. त्याच वेळात धाकटीच्या बाळाने माझ्याकडे बघितलं.

मग घरी येऊन तुला ते शिंकणाऱ्या माणसाचं लांबलचक लिहिलं. तू काही बोलावंस म्हणून लिहिलं होतं. म्हणजे मी स्वतः बोलायचं टाळून तुझ्याकडून वदवून घ्यायला बघत होते, वर आणि बढाईही मारून घेतली. संस्थेचं पत्र आल्यावर दोन एप्रिललाच मी त्यांना उत्तर लिहिलं होतं. पाकिटावर तिकीटही लावलं. तीन आठवडे ते टोस्टरच्या मागे उभं होतं. शनिवारी तुझं वाचून झाल्यावर तसंच चपला घालून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. त्यात लिहिलंय की गाइडने मला दोनदा विचारलं, मी निवृत्त परिचारिका आहे, मला आजार ओळखू आला होता, आणि उत्तर मी दिलं. आता त्यांच्याकडे दोन पत्रं जातील. जाऊ देत.

आपल्यामुळे झालं नसेलही. डॉक्टरबाईंनी लिहिलंच आहे की सांगता येणार नाही. मी रोज सकाळी उठून स्वतःला ते सांगते आणि दुपारपर्यंत ते टिकत नाही.

तू मला तोंड दाखवू नकोस वगैरे काही म्हणणार नाही. मला तुझ्यावर रागावायचा हक्क उरलेला नाही, आणि असता तरी मी दोन दिवसांपलीकडे कधी रागावले होते? तुझी फेड-बिड ऐकून मात्र चिडले. सात महिने तू माझ्याकडे राहिलास तेव्हा या घरात माणसाचा वावर होता. फेडायचं कुणी कुणाचं होतं?

आज दुसरं पत्र देवयानीला लिहिलंय, हेच सगळं. तिला म्हटलं, बाळंतपणाला मी यावं की नाही ते तू ठरव. मी कुणाला आत सोडलं आणि का सोडलं हे कळल्यावर तिला माझ्या हातात मूल द्यावंसं वाटलं नाही तर मी समजू शकते. तिचं उत्तर येईपर्यंत माझं कशात लक्ष नाही. दूध उतू गेलं आज दोनदा.

निवेदिताला सांग, तिकिटं आणून दिलीस ते फार बरं केलंस. तुमच्या दोघांवरची माझी माया आहे तिथेच आहे, शोधायला जाऊ नकोस.

तुझी,
सुप्रभाआत्या


मेडनहेड
शनिवार, २८ एप्रिल २००७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बुधवारी मिळालं. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे सुचत होतं ते तुला लिहिण्यासारखं नव्हतं. दादावर मी ओरडले तेव्हा मला वाटत होतं, निदान एक माणूस तरी आपल्या घरात असं आहे की जे दारात उभं राहिलं की कोण आत येतंय ते मला बघायला नको. तू ते काढून घेतलंस. त्याबद्दल मी चिडले आहे आणि अजून काही दिवस चिडलेली राहीन. तू आलीस की कदाचित तुझ्याशी धड बोलणारही नाही. ते सहन कर.

काल मिडवाइफकडे गेले होते. गोरी मुलगी आहे, माझ्यापेक्षा लहान, फार चांगली आहे. म्हणाली, बाळ खाली सरकलंय, कदाचित तारखेची वाट बघणार नाही. घरी येऊन मी बाथरूमचं दार लावून रडले. आत्या, मला खूप भीती वाटतेय. आणि भीती वाटली की डोळ्यांसमोर तुझाच हात येतो. दुसऱ्या कुणाचा येतोय का, मी तीन दिवस प्रयत्न करून पाहिला.

परीक्षित उद्या दहा वाजता गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय. हे पत्र त्याच्याच हाती देतेय. वाच, आणि त्याच्याबरोबर ये.

तुझी,
देवयानी